नवरीच्या हातचं

रत्नाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रुखवताच्या टेबलापाशी उभ्या होत्या आणि पंगत बसली तरी हलत नव्हत्या. सोलापुरात होटगी रस्त्याच्या बाजूला एक मंगल कार्यालय आहे, तिथला मी व्यवस्थापक. जेवणाच्या वेळी हॉल रिकामा होतो आणि वस्तू जातात त्या नेमक्या त्याच वेळी, म्हणून मी लांबूनच त्या बाईंवर नजर ठेवली. जांभळी ठेवणीतली साडी, केसांत घरचाच गजरा. त्यांनी हळूच हात पुढे केला आणि कापडाच्या एका बाहुलीचं तोंड इकडून तिकडं वळवलं.

"ताई, हात लावू नका," मी म्हटलं. "नवरीनं केलंय ते."

"व्हय? मग नवरीला सांगा, पंख्याच्या वाऱ्यानं बाहुली भिंतीकडं तोंड करून बसली हुती. सासरी जायच्या आधीच रुसली."

"तुम्ही कोणाकडच्या?"

"मुलीकडची."

पुढच्या लग्नात, वेगळं घराणं, वेगळी माणसं, पण टेबलापाशी तीच जांभळी साडी. विचारलं तर मुलीकडची. त्याच्या पुढच्या लग्नातही तेच. शेवटी मी म्हटलं, "ताई, सोलापुरातल्या झाडून सगळ्या मुलींच्या तुम्ही लागता तरी कोण?" तेव्हा त्या तोंडावर हात धरून हसल्या. बोटांची टोकं गुळगुळीत, चकाकणारी होती. गरम गोंदाच्या बंदुकीनं पुन्हा पुन्हा भाजून ती तशी झाली होती. रेशन दुकानातल्या मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नसे, हे मला पुढे कळलं. दुकानदार म्हणे, बाई तुम्ही आहात की नाही? यावर त्या म्हणत, "कार्डावर हाय, मशीनमध्ये न्हाय."

त्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. "सांगते दादा, पण कुणाला बोलू नका. तुमी बोललात की माझा धंदा बसला."

टेबलावरचं सगळं त्यांनी केलेलं होतं. सुपारीचे भटजी, लोकरीची तुळस, कापडाची बाहुली, सगळं. आधीच्या दोन लग्नांतलंही त्यांचंच. मुलींच्या आया त्यांच्याकडे गुपचूप येत, काय हवं ते सांगून जात आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पांघरूण घालून सामान घेऊन जात. मग टेबलावर सोनेरी अक्षरांत पाटी लागे : चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केलेले. आणि रत्नाताई ठेवणीतली साडी नेसून, न बोलावता, लोक काय म्हणतात ते ऐकायला येत.

"आपण केलेलं आपल्यामागं कसं दिसतंय ते बघायला नको व्हय?" त्या म्हणाल्या. "आणि जेवण पण चांगलं असतं तुमच्यात."

माणूस म्हणून त्या गरीब गाय वगैरे मुळीच नव्हत्या. तोंडानं फटकळ, कामाच्या बाबतीत गर्विष्ठ. दुसऱ्या कोणाचं रुखवत पाहिलं की नाक मुरडून म्हणत, "बरं हाय, झाकून ठेवलं तर." कौतुकाला भुकेलेल्या होत्या आणि ते लपवत नव्हत्या. करकंब गावची मुलगी, लग्न होऊन सोलापुरात आलेली. अशोक चौकामागच्या एका बोळात दोन खोल्या. नवरा टॉवेलच्या कारखान्यात. तो संध्याकाळी येताना वाया गेलेल्या सुताचे गुंते पिशवीत भरून आणी आणि काही न बोलता कोपऱ्यात ठेवी. त्यांच्या संसारातली सगळ्यांत प्रेमाची गोष्ट मला ती पिशवी वाटते. शेजारच्या तेलुगू बायका दुपारी विड्या वळायला बसत आणि रत्नाताई त्यांच्यातच बसून गुंते सोडवत. त्यांना तेलुगू येत नव्हतं, पण कुठं हसायचं ते बरोबर कळे.

त्यांना एकच गोष्ट हवी होती : आपल्या कामावर आपलं नाव. दुकान मोठं नको, जाहिरात नको. "नुसतं खाली कोपऱ्यात बारीक. रत्ना म्हणून. सुतार पाटाला मागनं शिक्का मारतो की न्हाय?"

पण हा धंदाच असा होता की त्यात करणारीचं नाव आलं की वस्तूची किंमत गेली. लोक रुखवत विकत घेत नव्हते, नवरीच्या अंगचा गुण विकत घेत होते. एकदा त्यांनी हौसेनं दारावर पाटी लावली होती. 'रत्ना आर्ट्स, रुखवत करून मिळेल.' निळ्या रंगात, स्वतः रंगवलेली. त्यानंतर बायका यायच्याच बंद झाल्या. एक जुनी गिऱ्हाईक मागच्या बोळानं आली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या दारात कुणी बघितलं तर माझ्या पोरीचं काय?" पाटी उतरली. पुढे ती त्यांनी जमिनीवर पालथी टाकली आणि तिच्यावर गोंदाचं काम करू लागल्या. लाकूड चांगलं होतं, म्हणाल्या.

ती पाटी उतरवा असं सांगणाऱ्यांत मीही होतो. तोपर्यंत आमच्या कार्यालयात चौकशीला येणाऱ्या आयांना मीच हळू आवाजात सांगू लागलो होतो की एक ताई आहेत, फार सुंदर करतात, आणि तोंडातून शब्द बाहेर काढत नाहीत. ही त्यांची ख्याती मी पसरवली. कामं वाढली, त्या मला दुवा देत. पण त्यांच्या गप्प राहण्याचीच मी शिफारस करत होतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. थोडंफार कळत होतं.

त्यांच्या कामाची एक रीत मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. वस्तू पुरी झाली की त्या ती समोर ठेवत, डोकं तिरकं करून बघत आणि मग मुद्दाम बिघडवत. एखादी पाकळी वाकडी, एखादा टाका सैल, मोराच्या एका पायाला बोट कमी. याला त्या 'नवरीचा हात सोडणं' म्हणत. "लई नीट झालं की बायांना वास येतो, दादा. एवढीशी चूक ठेवली की म्हणतात, पोरीनं जीव तोडून केलंय हो." बिघडवताना मात्र त्यांचा चेहरा दुखरा व्हायचा. एकदा त्यांनी पाकळी वाकडी केली, पुन्हा सरळ केली, पुन्हा वाकडी केली आणि शेवटी नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, "अवो, ही तुमी वाकडी करा. माझ्या हातानं होईना." तो बिचारा पुढे झाला आणि त्यानं पाकळी मोडूनच टाकली. मग दिवसभर त्याच्याशी अबोला.

नवऱ्या मुलींची तालीमही त्याच घेत. मोहोळची एक मुलगी आईबरोबर आली होती, मी पत्ता दाखवायला गेलो होतो म्हणून ऐकलं.

"सासूनं विचारलं, हे कसं केलंस, तर काय सांगशील?"

"मोबाईलवर बघून."

"आणि ही गाठ?"

"ती पण मोबाईलवर."

"अगं बाई, ही गाठ मोबाईलवर न्हाय. ही माझ्या आईची हाय. ती पोत्याच्या तोंडाला मारायची. तू सांग, आजीनं शिकवली."

"पण माझी आजी तर..."

"आता सासू तुझ्या आजीला विचारायला जातीय का?"

मुलीची आई खळखळून हसली. रत्नाताई हसल्या नाहीत. त्या गाठीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

आणि ते एक लग्न. टेबलासमोर गर्दी होती, त्यात नवऱ्या मुलाची एक आत्या, करड्या नजरेची. तिनं सगळं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "हे विकतचं वाटतंय मला." नवरीच्या आईचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता फुटलं. तेवढ्यात जांभळी साडी पुढे सरकली. "विकतचं कसलं वो! मी त्यांच्या शेजारची. पोरीचे डोळे सुजले हुते करून करून. हे बघा, इथं टाका चुकलाय, विकतच्यात असा चुकेल का?" आत्याबाईंनी वाकून टाका पाहिला आणि मान डोलावली. लोक पुन्हा कौतुक करू लागले. त्या दिवशी रत्नाताई न जेवता गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "लई चांगली वकील झाली असती मी. आपल्याच विरुद्ध."

माझ्या मुलीचं, पूर्वाचं लग्न करमाळ्यात ठरलं. ती बँकेच्या परीक्षांच्या अभ्यासात होती, सुई कुठल्या बाजूनं ओवतात हेही तिला माहीत नव्हतं. मी रत्नाताईंकडे गेलो. आणि त्यांनी केलं ते ज्वारीचं शेत.

टॉवेलच्या कारखान्यातल्या वाया गेलेल्या सुताचं. ताटांच्या रांगाच्या रांगा उभ्या, प्रत्येक कणसाचा दाणा वेगळा, मधे माळा, माळ्यावर गोफण फिरवणारी एवढीशी बाई, आणि वर उडालेली पाखरं अशी की ती आत्ताच उठली आहेत असं वाटावं. गोफणीच्या दोरीला ताण होता. बाईच्या ओठांत ओरडणं होतं.

"ह्यात नवरीचा हात सोडणार न्हाय मी," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोरीचं हाय म्हणून न्हवं. मला एकदा बघायचंय, मला कुटवर जमतं ते."

लग्नात त्या शेतासमोरून लोक हलेनात. पूर्वाच्या मैत्रिणींनी त्याची चित्रफीत मोबाईलवर टाकली, 'पूर्वाच्या हातचं' असं लिहून, आणि ती खूप लोकांनी पाहिली. विहीणबाईंनी शेतासाठी काचेची पेटी करून घेतली आणि ती करमाळ्याच्या घरात, आल्याबरोबर दिसेल अशी ठेवली.

पुढच्या हंगामात पुण्याच्या एक बाई आमच्याकडे एका लग्नाला आल्या. त्यांचा लग्नांच्या सजावटीचा मोठा व्यवसाय होता. रुखवत पाहून त्यांनी मला सरळ विचारलं, "हे नवरीनं केलेलं नाही. कोण करतं?" मी आढेवेढे घेतले आणि मग नंबर दिला. रत्नाताईंच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हणत होतं की तुमच्या नावानं करू, 'रत्ना, सोलापूर' असं लिहू, फक्त आधीचं काम दाखवा.

त्यांनी मोबाईलमधले फोटो पाठवले. दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. मी तिथंच होतो. त्यांनी तो मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"ताई, राग मानू नका, पण यातले बरेच फोटो मी मोबाईलवर आधीच पाहिलेत. प्रत्येकावर वेगळ्या मुलीचं नाव आहे. ते शेत तर कोण्या पूर्वाचं आहे. मला कसं कळणार की तुमचं आहे?"

"माझंच हाय वो."

"तसं सगळेच म्हणतात. त्यातली एक मुलगी जरी मला फोनवर म्हणाली ना, की हो, ताईंनी केलं, तरी पुरे."

रत्नाताईंनी आधीच्या नवऱ्या मुलींना फोन केले. एकीनं ओळख दाखवली नाही. एकीच्या नवऱ्यानं फोन उचलला, तेव्हा यांनीच 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. मग त्या माझ्याकडे आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत.

"दादा, पूर्वाला विचारा की. एकच फोन. सासरी कळायची गरज न्हाय."

मी कार्यालयाच्या मागच्या अंगणात जाऊन मुलीला फोन केला. ती रडायला लागली. "बाबा, त्या पुण्याच्या बाई उद्या कुठं बोलल्या तर? इथं मला सगळे त्या शेतावरूनच ओळखतात. सासूबाई आल्यागेल्याला दाखवतात. माझ्याकडं दाखवण्यासारखं दुसरं काय आहे इथं? परीक्षा तर राहूनच गेली."

मी आत आलो आणि रत्नाताईंना सांगितलं.

"पोरगी रडली का?"

"हो."

"मग ऱ्हाऊ द्या. तिचं घर हाय ते."

टेबलावर कसला तरी जुना गोंद वाळला होता. तो त्या नखानं खरवडत राहिल्या, आणि मी काही तरी बोलावं म्हणून बोलत राहिलो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. त्यांनी हट्ट धरला असता तर मी काय केलं असतं हे मला ठाऊक नाही, आणि त्यांनी तो धरला नाही म्हणून मी मनातून त्यांचे आभार मानले. त्या आभारांची मला आजही लाज वाटते. पोरीला थोडं समजावता आलं असतं, मी स्वतः पुण्याला फोन करू शकलो असतो. पण माझ्या कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक आईला मी शब्द दिला होता. असं मी स्वतःला सांगितलं.

पुण्याच्या बाईंनी नंतर दुसरा प्रस्ताव दिला : काम करा, पण नाव आमच्या कंपनीचं. भरपूर काम, वर्षभर. रत्नाताईंचा नवरासुद्धा म्हणाला की घे. त्यांनी घेतलं नाही.

"बिननावाचं करायला सोलापुरात नवऱ्या कमी हायत व्हय?" असं त्यांनी पुण्याला सुनावलं आणि मग त्या पालथ्या पाटीपाशी बसून मोराच्या पायाचं एक बोट कापलं.

गेल्या हिवाळ्यात पूर्वाचं डोहाळेजेवण होतं, करमाळ्याला. विहीणबाईंना सजावट चांगली हवी होती. पूर्वानंच मला फोन केला, "बाबा, रत्नाताईंनाच आणा." मी विचारलं, नक्की का? ती म्हणाली, "हो." त्यापुढे मी काही विचारलं नाही.

आम्ही सकाळीच टेम्पोनं निघालो. रत्नाताई पुढे ड्रायव्हरशेजारी बसून त्याला त्याच्या टेम्पोवरची फुलं कशी चुकीची रंगवली आहेत ते सांगत होत्या. करमाळ्यात पोचल्यावर त्यांनी आधी झोपाळा सजवला, मग धनुष्यबाण, मग चंद्रकोर. काचेच्या पेटीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पूर्वा फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली. घर बायकांनी भरून गेलं.

आणि विहीणबाई, नेहमीप्रमाणे, पाहुण्यांना पेटीपाशी घेऊन गेल्या. "हे आमच्या सूनबाईनं केलंय. एकटीनं. एक माणूस मदतीला न्हाय." मग सजावटवाल्या बाईंनाही त्यांनी हाक मारली, "या, तुमी पण बघा. तुमाला यातलं कळतं."

रत्नाताई गेल्या. आपल्याच शेतासमोर, काचेच्या बाहेर उभ्या राहिल्या. मी दारापाशी होतो.

"लई झ्याक झालंय," त्या म्हणाल्या. मग झोपाळ्याकडे वळल्या. "सूनबाई, मला पण असं एक करून द्याल का? लोकांचं एवढं करते मी, माझ्या घरात माझं म्हणून एक न्हाय."

बायका हसल्या. "देईल की!" विहीणबाई म्हणाल्या. "आधी बाळंतपण होऊ द्या." पूर्वानं मान खाली घातली. तिच्या कानातली फुलं थरथरत होती. तिनं एकदा तोंड उघडलं, पण तेवढ्यात कोणीतरी ओटीचं ताट पुढे केलं आणि डोहाळ्यांची गाणी सुरू झाली.

दुपारी पाहुण्या जेवून गेल्या. रत्नाताई स्टुलावर चढून झोपाळ्याच्या माळा सोडवत होत्या. मी खाली त्या हातात घेत होतो. विहीणबाई आल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि माझी फिकीर न करता हळू आवाजात बोलल्या.

"ताई, मला लगीन लागलं त्याच दिवशी कळलं हुतं. हिला शर्टाचं बटण लावता येत न्हाय, ती शेत काय पेरणार? आणि मघाशी तुमी माळा बांधल्या ना, तवा तुमची गाठ बघितली मी. पेटीत तशाच हायत. वाईट वाटून घेऊ नका. माझं रुखवत माझ्या मावशीनं केलं हुतं. सगळ्यांचं असंच असतंय. तुमच्या हातात देव हाय. पण हे आपल्या आपल्यात ऱ्हाऊ द्या. लोकांत नको."

रत्नाताईंच्या दातांत दोरा होता. तो त्यांनी काढून हातात घेतला.

"लोकांतच पाहिजे हुतं, ताई," त्या म्हणाल्या. "आपल्या आपल्यात तर मला आधीपासनं ठावं हाय."

विहीणबाई चहा टाकते म्हणून आत गेल्या. पूर्वाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, ते हळूच लागलं.

रत्नाताईंनी पुढची गाठ सोडवायला हात वर केला. "दादा," त्या वरूनच म्हणाल्या, "स्टूल हलतंय. नीट धरा."

मी ते दोन्ही हातांनी धरलं.